प्रवासवर्णनातील छायाचित्र : उंच अँडीजच्या संदर्भात एक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराचा विचार करताना मराठी समीक्षा सामान्यतः लेखकाचे व्यक्तिमत्त्व, त्याची निरीक्षणशक्ती, निवेदनाची शैली आणि आत्मनिष्ठा व वस्तुनिष्ठा यांचे परस्परप्रमाण या मुद्द्यांभोवती फिरते. पुस्तकात छापलेली छायाचित्रे बहुधा या चर्चेबाहेर राहतात. ती प्रकाशकाने घातलेली भर आहे, मजकुराची सजावट आहे किंवा फार तर लेखक तेथे खरोखर गेला होता याचा पुरावा आहे, असे आपण गृहीत धरतो. वर्गात प्रवासवर्णन शिकवतानाही चित्रांची पाने उलटून आपण पुढे जातो. प्रस्तुत लेखात या सवयीचा फेरविचार करावयाचा आहे.

या विचारासाठी दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा, विशेषतः पेरू देशातील कुस्कोच्या आसपासचा उंच प्रदेश निवडला आहे. मराठी वाचकाला हा प्रदेश अगदीच अनोळखी नाही. मीना प्रभू यांच्या ‘दक्षिणरंग’ या पुस्तकाने दक्षिण अमेरिकेचा प्रवास मराठीत आणला आहे. परंतु निवडीचे खरे कारण वेगळे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून या एकाच प्रदेशात कॅमेरा घेऊन आलेले परके प्रवासी आणि त्याच मातीत जन्मलेला, तेथील भाषा बोलणारा एक थोर छायाचित्रकार असे दोन्ही पक्ष आपणांस उपलब्ध आहेत. एकाच भूमीची, जवळजवळ एकाच कालखंडातील चित्रे शेजारी ठेवून वाचण्याची अशी संधी क्वचित मिळते.

आपल्या भाषेतील एक साधा भेद या वाचनात उपयोगी पडतो. ‘फोटो काढणे’ आणि ‘फोटो काढून घेणे’ हे दोन प्रयोग आपण रोज करतो. पहिल्यात कर्ता कॅमेऱ्यामागे उभा असतो. दुसऱ्यात कर्ता कॅमेऱ्यासमोर बसलेला असतो. लग्न ठरल्यावर, पदवी मिळाल्यावर, घरातील म्हातारे माणूस थकत चालल्यावर लोक स्टुडिओत जाऊन फोटो काढून घेतात. तेथे इच्छा त्यांची, पोशाख त्यांचा, पैसे त्यांचे आणि प्रतही त्यांचीच असते. प्रवासी मात्र फोटो काढतो, आणि ज्याचा काढतो त्याचे नाव पुष्कळदा त्याला ठाऊकही नसते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की, प्रवासवर्णनातील प्रत्येक छायाचित्र या दोन क्रियांच्या मध्ये कोठे तरी उभे असते. मजकूर हे स्थान अनेकदा झाकतो, आणि चित्र नीट वाचले असता ते उघड होते.

२. उंची, प्रकाश आणि साधने

चित्राचा अर्थ पाहण्यापूर्वी ते कोणत्या परिस्थितीत घडते हे पाहणे आवश्यक आहे. कुस्को शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे दोनतृतीयांश असतो. तितिकाका सरोवर ३,८०० मीटरांहून अधिक उंचीवर असून, कुस्कोच्या आग्नेयेस असलेले औसांगाते हे शिखर ६,३८४ मीटर उंच आहे. खालून आलेल्या माणसाला येथे पहिले काही दिवस डोकेदुखी, मळमळ आणि धाप यांचा त्रास होतो. या विकाराला स्थानिक लोक ‘सोरोचे’ म्हणतात. अशा अवस्थेत जड कॅमेरा, तिपाई आणि काचपट्ट्यांची खोकी घेऊन चढणे हे एकट्याचे काम नव्हते. त्यासाठी खेचरे लागत आणि खेचरांमागे माणसे लागत. म्हणजेच अँडीजमधील प्रत्येक जुन्या छायाचित्रामागे चित्रात न दिसणारे निदान एक स्थानिक माणूस उभे असते, असे समजून चालण्यास हरकत नाही.

प्रकाशाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. विरळ व कोरड्या हवेत प्रकाश कमी विखुरतो. त्यामुळे ऊन प्रखर आणि सावली फार गडद होते. कुस्को विषुववृत्तापासून साडेतेरा अंश दक्षिणेस असल्याने वर्षाच्या बऱ्याच काळात दुपारचा सूर्य डोक्यावर असतो, आणि रुंद काठाची टोपी घातलेल्या शेतकऱ्याचा चेहरा तिच्या सावलीत बुडून जातो. त्या काळी प्रचलित असलेल्या बहुतेक काचपट्ट्या व फिल्म निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील आणि लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या होत्या. परिणामी आकाश पांढरे पडे, आणि तांबूस-तपकिरी वर्णाची त्वचा प्रत्यक्षापेक्षा काळी उमटे. अँडीजमधील जुन्या प्रवासी छायाचित्रांत देशी माणसे वारंवार चेहरा नसलेल्या काळ्या आकृतींसारखी दिसतात, यात छायाचित्रकाराच्या दृष्टीइतकाच रसायनाचाही वाटा आहे. हे ध्यानात घेतले नाही, तर तांत्रिक मर्यादेवर वैचारिक आरोप करण्याची चूक आपल्या हातून होईल. त्याचबरोबर ज्याला ही मर्यादा ओलांडावीशी वाटली तो ती ओलांडू शकत होता, हेही पुढे दिसून येईल.

छपाईचीही एक बाजू आहे. एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच काळात छायाचित्र थेट पुस्तकाच्या पानावर छापता येत नसे. त्यावरून कोरक्याने लाकडी ठसा तयार करावा लागे. ई. जी. स्क्वायर यांचा १८७७ सालचा पेरूवरील प्रसिद्ध ग्रंथ अशा कोरीव चित्रांनी भरलेला आहे. कोरीव चित्रात काय ठेवावे व काय गाळावे हे कारागीर ठरवू शकत असे. शतकाच्या अखेरीस बिंदूजालीच्या तंत्राने छायाचित्र जसेच्या तसे छापता येऊ लागले. तेव्हापासून लेखकाला नको असलेली गोष्टही पानावर येण्याची शक्यता निर्माण झाली. आपल्या विषयाच्या दृष्टीने हा बदल फार महत्त्वाचा आहे.

३. बिंगम : मजकूर एक सांगतो, चित्र दुसरे

येल विद्यापीठातील इतिहासाचे अध्यापक हायरम बिंगम २४ जुलै १९११ रोजी माचूपिक्चूच्या अवशेषांपाशी पोहोचले. त्यांनी स्वतःच लिहिलेल्या हकिकतीचा तपशील लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. ती सकाळ पावसाच्या थंड रिमझिमीची होती. बरोबरच्या निसर्गतज्ज्ञाने व शल्यचिकित्सकाने वर येण्याचे टाळले. उरुबांबा नदीच्या काठी राहणारा मेल्चोर आर्तेआगा हा शेतकरी एक सोल घेऊन वाट दाखवण्यास तयार झाला; ही रक्कम तेथील नेहमीच्या मजुरीच्या कित्येक पट होती. दुभाष्या म्हणून सार्जंट कारास्को बरोबर होता. चढ संपल्यावर एका झोपडीत त्यांना थंड पाणी आणि उकडलेली रताळी मिळाली. तेथे रिचार्ते आणि आल्व्हारेस ही शेतकरी कुटुंबे इंकांच्या जुन्या पायऱ्यांच्या शेतांत पीक घेत होती. सैन्यभरतीचे व करवसुलीचे अधिकारी इतक्या वर सहसा येत नाहीत, हेही त्यांच्या तेथे राहण्याचे एक कारण होते. आर्तेआगा गप्पा मारीत तेथेच थांबला आणि पुढची वाट एका लहान मुलाने दाखवली.

याच बिंगम यांच्या १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचे नाव ‘इंकांचे हरवलेले नगर’ असे आहे. ज्या जागेची वाट एका मुलाला ठाऊक होती आणि जेथे रताळी उकडली जात होती, ती जागा कोणाच्या दृष्टीने हरवली होती, हा प्रश्न वाचकाने विचारावयास हवा. आणखीही एक गोष्ट आहे. अवशेषांच्या भिंतीवर बिंगम यांना आगुस्तीन लिसाररागा या स्थानिक माणसाचे नाव व १९०२ हे वर्ष कोळशाने लिहिलेले आढळले होते. त्याची नोंद त्यांनी आपल्या वहीत केली. १९४८ च्या पुस्तकातून मात्र लिसाररागा नाहीसा झाला. एकाच लेखकाच्या हातून शोधाची कथा कशी स्वच्छ होत गेली, याचे हे बोलके उदाहरण आहे. माचूपिक्चू म्हणजेच इंकांची शेवटची राजधानी विलकाबांबा हे त्यांचे मतही पुढे टिकले नाही. ही वास्तू पंधराव्या शतकातील पाचाकुती या इंका राजाची मालमत्ता होती, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात.

आता चित्रांकडे वळू. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाचा एप्रिल १९१३ चा अंक बिंगम यांच्या लेखाला वाहिलेला होता आणि त्यात दोनशेहून अधिक छायाचित्रे होती. बिंगम यांच्या मोहिमांना ईस्टमन कोडॅक कंपनीचे कॅमेरे मिळाले होते. १९१२ च्या दुसऱ्या मोहिमेत स्थानिक अधिकाऱ्यांमार्फत मिळवलेल्या मजुरांकडून झाडी तोडून व जाळून अवशेष मोकळे करण्यात आले, आणि मगच आज परिचित असलेले ते भव्य दृश्य छायाचित्रात उतरले. ‘अरण्यात लपलेले नगर’ आणि ‘स्वच्छ उघडे नगर’ या दोन चित्रांच्या मध्ये कोणाचे तरी कोयते चालले होते. मजकुरात शोध एका क्षणाचा वाटतो. चित्रे मात्र तो महिनोन्‌महिन्यांच्या श्रमाचा होता असे सांगतात.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे चित्रांतील माणसे. भिंतीची उंची कळावी, दगडाचा आकार लक्षात यावा म्हणून बिंगम वास्तूजवळ माणसे उभी करीत. १९११ च्या एका चित्रात सार्जंट कारास्को आणि वाट दाखवणारा तो मुलगा इंतिवाताना या कोरीव शिळेपाशी दिसतात. छायाचित्रकाराच्या हेतूने पाहिले तर ते मोजपट्टीचे काम करतात. परंतु एकदा चौकटीत आलेला माणूस केवळ मोजपट्टी राहत नाही. शतकानंतरचा वाचक त्या मुलाच्या पायांकडे, कपड्यांकडे, उभे राहण्याच्या ढबीकडे पाहू शकतो, आणि ‘हरवलेल्या’ नगरात तो काय करीत होता असे विचारू शकतो. छायाचित्राने लेखकाच्या हेतूपेक्षा अधिक साठवून ठेवले आहे. मजकुरातून एखादी व्यक्ती वगळणे सोपे असते. काचेवर उमटलेली व्यक्ती वगळणे कठीण जाते. प्रवासवर्णनाच्या अभ्यासकाला चित्राचा पहिला उपयोग हा असा आहे.

४. वाटसरूंचा कॅमेरा : पेन आणि बिशॉफ

बिंगम यांना दगड हवे होते. पुढील पिढीतील परक्या छायाचित्रकारांना माणसे हवी होती. त्यामुळे प्रश्न सुटला नाही, त्याचे रूप बदलले.

अमेरिकन छायाचित्रकार अर्व्हिंग पेन डिसेंबर १९४८ मध्ये ‘व्होग’ मासिकाच्या कामासाठी पेरूला गेले असता कुस्कोला आले. नाताळच्या सुमारास त्यांनी एका स्थानिक छायाचित्रकाराचा स्टुडिओ काही दिवसांसाठी भाड्याने घेतला. फरशीची जमीन, रंगवलेला पडदा आणि खिडकीतून येणारा प्रकाश इतकीच सामग्री होती. सणासाठी डोंगरातून आलेले लोक रिवाजाप्रमाणे फोटो काढून घेण्यास आले. आत नेहमीचा छायाचित्रकार नव्हता. आणि लोक पैसे देण्याच्या तयारीने आले असता या नव्या माणसाने उलट त्यांनाच पैसे दिले.

वर सांगितलेल्या भेदाच्या दृष्टीने हा प्रसंग अत्यंत अर्थपूर्ण आहे. पैशाची दिशा उलटली त्या क्षणी क्रियाही उलटली. जे फोटो काढून घेण्यास आले होते, त्यांचा फोटो काढला गेला. प्रत घरी नेऊन भिंतीवर लावण्याऐवजी ते चित्र दूरच्या मासिकात व पुढे संग्रहालयांत गेले. ‘कुस्कोची मुले’ या नावाने जगप्रसिद्ध झालेल्या चित्रात दोन अनवाणी मुले एका लहानशा बैठकीला रेलून, एकमेकांचे हात धरून उभी आहेत. त्यांच्या चेहऱ्यांवर प्रौढ माणसाचे गांभीर्य आहे. चित्र निःसंशय उत्कृष्ट आहे. पेन यांनी फसवणूक केली असेही म्हणता येत नाही. त्यांनी मोबदला दिला होता. तरीही त्या मुलांची नावे चित्राच्या शीर्षकात नाहीत. ‘कुस्कोची’ या विशेषणात ती सामावली गेली. सौंदर्य आणि न्याय ही दोन मूल्ये एकाच चौकटीत असू शकतात किंवा नसूही शकतात. त्यांतील एकाच्या बळावर दुसरे गृहीत धरू नये, हा येथील धडा आहे.

स्विस छायाचित्रकार व्हेर्नर बिशॉफ यांचे उदाहरण याहून वेगळे आहे. मे १९५४ मध्ये कुस्कोच्या परिसरात वाटेवरून बासरी वाजवीत चाललेल्या एका मुलाचे चित्र त्यांनी घेतले. पाठीवर ओझे, डोक्यावर टोपी, मागे डोंगराची कड आणि मुलाचे कॅमेऱ्याकडे लक्षही नाही. त्याच महिन्यात, १६ मे रोजी, अँडीजमध्ये मोटार दरीत कोसळून बिशॉफ मरण पावले. या योगायोगामुळे हे चित्र एखाद्या निरोपासारखे वाचले जाते. अभ्यासकाने मात्र दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. छायाचित्रकाराचा मृत्यू ही त्याच्या चरित्रातील घटना आहे; चित्रातील मुलगा आपल्या कामाला निघाला होता. बिशॉफ, रॉबर्ट फ्रँक व प्येर व्हेर्जे या तिघांची अँडीजमधील चित्रे एकत्र करून १९५६ साली फ्रेंचमध्ये जे पुस्तक निघाले, त्याच्या शीर्षकाचा आशय ‘इंडियन मेलेले नाहीत’ असा होता. हेतू सहानुभूतीचा होता. परंतु जिवंत माणसांविषयी ‘ते मेलेले नाहीत’ असे सांगावे लागते, तेव्हा ते विधान कोणाला उद्देशून आहे हे स्पष्टच होते. ते वाचक युरोपात होते. ज्यांच्याविषयी लिहिले ते नव्हते.

सुसान सोंटॅग यांनी १९७७ सालच्या आपल्या ग्रंथात छायाचित्र घेणे म्हणजे घेतलेल्या वस्तूवर एक प्रकारची मालकी सांगणे होय, असा विचार मांडला. डेबोरा पूल यांनी १९९७ च्या अभ्यासात अँडीजच्या प्रतिमांकडे पाहताना असे दाखवले की, प्रतिमा मालाप्रमाणे फिरतात, त्यांची देवघेव होते आणि या फिरण्यातूनच वंशाविषयीच्या कल्पना घडतात. या दोन्ही विचारांचा आपणांस आधार आहे. तथापि ही भूमिका टोकाला नेली तर कॅमेऱ्यासमोरचा माणूस केवळ बळी ठरतो, आणि त्याचे कर्तेपण आपण दुसऱ्यांदा नाहीसे करतो. यासाठी चांबी यांच्याकडे वळणे आवश्यक आहे.

५. मार्तीन चांबी : फोटो काढून घेणाऱ्यांचा छायाचित्रकार

मार्तीन चांबी यांचा जन्म १८९१ मध्ये पुनो विभागातील कोआसा या खेड्यात केचुआ भाषक शेतकरी कुटुंबात झाला. वडील सोन्याच्या खाणीत कामाला होते. तेथेच परदेशी कंपनीच्या छायाचित्रकाराचा कॅमेरा मुलाने प्रथम पाहिला. १९०८ मध्ये त्यांनी आरेकीपा शहरात माक्स व्हार्गास यांच्या स्टुडिओत उमेदवारी सुरू केली. १९१७ मध्ये सिक्वानी येथे स्वतःचा स्टुडिओ काढला आणि १९२० मध्ये ते कुस्कोला आले. हा काळ पेरूच्या सांस्कृतिक जीवनात विलक्षण जागृतीचा होता. देशी समाजाच्या बाजूने बोलणारी ‘इंदिखेनिस्मो’ ही चळवळ जोरात होती. मारियातेगी यांचे ‘आमाउता’ हे नियतकालिक १९२६ मध्ये निघाले, आणि १९२७ मध्ये लुईस व्हाल्कार्सेल यांचे ‘अँडीजमधील वादळ’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. या चळवळीतील बहुतेक लेखक देशी समाजाविषयी बाहेरून लिहीत होते. चांबी त्या समाजातून आलेले होते.

त्यांच्या स्टुडिओला काचेचे छप्पर होते. उन्हाची प्रखर धार पडद्यांनी मऊ करून ते चेहऱ्यावर घेत. वर ज्या तांत्रिक मर्यादेचा उल्लेख केला तीच काच, तेच रसायन त्यांच्याही वाट्याला आले होते. तरीही त्यांच्या चित्रांत तपकिरी चेहऱ्यांवरील प्रत्येक सुरकुती दिसते. काळ्या आकृतीला चेहरा देण्यासाठी प्रकाशाची वाट पाहावी लागते आणि समोरच्या माणसाला थांबण्याइतका विश्वास वाटावा लागतो. वाटसरूजवळ या दोहोंसाठी वेळ नसतो.

चांबी यांच्या समोर संपूर्ण कुस्को येऊन गेले. १९३० मधील खुलिओ गादेआ या प्रांताधिकाऱ्याच्या लग्नाच्या चित्रात वधूचा शुभ्र पोशाख आणि भोवतीचा गर्द काळोख यांतून त्या सत्ताधारी वर्गाची प्रतिष्ठा आणि एकटेपणा दोन्ही जाणवतात. देशी समाजाचे पुढारी मिगेल किस्पे यांचे चित्र त्यांच्या नावासह आपणांस मिळते. जमीनदार आणि शेतमजूर, पाद्री आणि भिकारी, सर्वांना एकच काच आणि एकच प्रकाश मिळाला.

मात्र चांबी यांचे चित्र गुळगुळीत करून चालणार नाही. तेही खेचरांवर सामान लादून फिरत. १९२० च्या दशकात माचूपिक्चूला जाऊन त्यांनी अवशेषांची चित्रे घेतली. डोंगरातील माणसांची त्यांची अनेक चित्रे कोणी पैसे देऊन काढून घेतलेली नव्हती; ती टपाल-पत्रांवर व नियतकालिकांतून विकली गेली. १९२५ मधील ‘पारुरोचा राक्षसदेही’ या चित्रात हुआन दे ला क्रूस सिहुआना हा दोन मीटरांहून उंच शेतकरी ठिकठिकाणी फाटलेल्या कपड्यांत स्टुडिओत उभा आहे. दुसऱ्या एका चित्रात त्याची उंची कळावी म्हणून चांबी यांचा सहायक त्याच्या शेजारी उभा केलेला आहे. येथे मोजपट्टीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. फरक इतकाच की, येथे सहायक मोजपट्टी झाला आहे. ज्याचे चित्र आहे तो चौकटीचा विषय राहिला आहे, आणि त्याचे नाव आपणांस ज्ञात आहे. भेद लहान वाटला तरी तो मूलगामी आहे.

१९३६ मध्ये चिलीची राजधानी सान्तियागो येथे चांबी यांचे प्रदर्शन भरले. त्या वेळी त्यांनी आपल्या चित्रांना साक्षीची उपमा दिली. देशी लोकांना संस्कृती नाही असे मानणाऱ्यांपुढे आपल्या शब्दांपेक्षा ही चित्रे अधिक स्पष्ट बोलतील, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १९५० च्या भूकंपात कुस्कोची फार मोठी हानी झाली. १९७३ मध्ये चांबी निवर्तले तेव्हा देशाबाहेर त्यांचे नाव फारसे उरले नव्हते. १९७७ मध्ये त्यांचे चिरंजीव व्हिक्टर आणि अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड रॅनी यांनी हजारो काचपट्ट्यांची साफसफाई व नोंदणी सुरू केली, आणि १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात प्रदर्शन झाले. म्हणजे कुस्कोच्या लोकांनी स्वतःसाठी काढून घेतलेली चित्रेही अखेर परक्या भिंतीवर पोहोचलीच. परंतु ती तेथे पोहोचली तेव्हा त्यांतील अनेकांची नावे त्यांच्याबरोबर गेली.

६. साक्ष जेव्हा प्राणावर बेतते

आतापर्यंतची चर्चा कलेच्या आणि औचित्याच्या क्षेत्रातील वाटेल. अँडीजच्या इतिहासातील एक प्रसंग तिला अधिक गंभीर पातळीवर नेतो.

१९८० पासून पेरूमध्ये ‘सेंदेरो लुमिनोसो’ ही सशस्त्र संघटना आणि शासन यांच्यात रक्तरंजित संघर्ष चालू होता. २६ जानेवारी १९८३ रोजी आयाकुचो विभागातील सुमारे ४,००० मीटर उंचीवरच्या उचुराक्काय या गावी आठ पत्रकार मारले गेले. त्यांच्याबरोबर त्यांचा वाटाड्या आणि गावातील एक माणूसही मारला गेला. मृत पत्रकारांत विली रेत्तो हे छायाचित्रकार होते. शासनाने कादंबरीकार मारिओ व्हार्गास योसा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. मार्च १९८३ मधील अहवालाने हत्येची जबाबदारी गावकऱ्यांवर ठेवली. आगंतुकांना बंडखोर समजून, बहुधा काहीही संभाषण न होता, हल्ला झाला असावा आणि कॅमेरे शस्त्रांसारखे वाटले असावेत, असे चित्र त्याने उभे केले. उंचावर राहणारी, काळाबाहेरची, आधुनिक यंत्र न ओळखणारी माणसे ही प्रतिमा त्यामागे होती. प्रवासवर्णनांच्या वाचकांस ती नक्कीच परिचित आहे.

पुढील काही महिन्यांत रेत्तो यांचा कॅमेरा सापडला. मृत्यूपूर्वी त्यांनी घेतलेल्या चित्रांत पत्रकार आणि गावकरी समोरासमोर उभे राहून बोलताना दिसतात. म्हणजे संभाषण झाले होते. कोण कोण आहे हे सांगण्याचा प्रयत्न झाला होता, आणि तरीही हत्या घडली. २००३ मध्ये सत्य व समेट आयोगाने आपल्या अंतिम अहवालात हे प्रकरण पुन्हा तपासले. हत्या गावकऱ्यांनीच केली हा निष्कर्ष त्याने कायम ठेवला. परंतु संवाद झाला होता हेही नोंदवले. त्यानंतरच्या काळात त्या गावातील १३५ माणसे संघर्षात मारली गेली, हेही त्याने पुढे आणले. आयोगाने संघर्षातील एकूण बळींची संख्या सुमारे ६९,००० असावी असा अंदाज केला, आणि बळींपैकी चारांतील तीन जण केचुआ किंवा अन्य देशी भाषा बोलणारे होते असे सांगितले. त्याच वर्षी आयोगाने लिमा येथे भरवलेल्या छायाचित्र-प्रदर्शनाला ‘युयानापाक’, म्हणजे ‘आठवण राहावी म्हणून’, हे केचुआ नाव दिले.

येथे बिंगम यांच्या चित्रांविषयीचा मुद्दा पुन्हा आठवावा. अधिकृत मजकूर, मग तो कादंबरीकाराच्या समर्थ लेखणीतून उतरलेला का असेना, एका ठरीव प्रतिमेच्या आधारे उभा राहिला होता. फिल्मवरील चौकटींनी त्या मजकुरातील एक महत्त्वाचा दुवा निखळवला. चित्राने कोणाला निर्दोष ठरवले नाही; प्रकरण अधिक अवघड करून ठेवले. साक्षीचे काम पुष्कळदा असेच असते.

७. समारोप : वाचनाची एक पद्धत

आज कुस्कोच्या रस्त्यांवर पारंपरिक पोशाख घालून, कोकरू कवेत घेऊन उभ्या असलेल्या स्त्रिया व मुली प्रवाशांस फोटो काढू देतात आणि त्याबद्दल पैसे घेतात. त्यांना स्थानिक बोलीत ‘साकामेफोतोस’, म्हणजे ‘माझा फोटो काढा’ असे म्हणणाऱ्या, असे नाव पडले आहे. अनेक प्रवाशांना हा बाजारूपणा खटकतो. अस्सल अँडीज नाहीसे झाले असे त्यांना वाटते. वरील विवेचनाच्या प्रकाशात वेगळे वाचन संभवते. शंभर वर्षे ज्यांचा फोटो मोजपट्टी म्हणून, नमुना म्हणून किंवा करुण दृश्य म्हणून काढला गेला, त्यांनी व्यवहाराच्या अटी आपल्या हाती घेण्याचा हा प्रयत्न आहे. तो अपुरा आहे. गरिबी त्याच्या मुळाशी आहे. तरी ‘काढा’ हा आज्ञार्थ आता कॅमेऱ्यासमोरून उच्चारला जातो, हे दुर्लक्षिता येत नाही.

पदव्युत्तर वर्गात सचित्र प्रवासवर्णन अभ्यासताना पुढील प्रश्न क्रमाने विचारता येतील. मजकूर बाजूला ठेवून चित्र पाहिले असता त्यात काय दिसते? मजकुरात न आलेली कोणती माणसे, कोणते श्रम त्यात आहेत? चित्रातील व्यक्तीचे नाव दिले आहे काय, आणि नसल्यास शीर्षकात त्या नावाची जागा कोणत्या विशेषणाने घेतली आहे? पैसे कोणी कोणास दिले? प्रत कोठे गेली? कॅमेऱ्याची, रसायनाची व छपाईची मर्यादा कोठे संपते आणि छायाचित्रकाराची निवड कोठे सुरू होते? शेवटी, चित्र मजकुराला दुजोरा देते की त्याच्याशी वाद घालते?

हे प्रश्न अँडीजपुरते मर्यादित नाहीत. मराठीतील कोणत्याही सचित्र प्रवासवर्णनाला ते लावून पाहता येतील. तसे केल्यास लेखकाचे व्यक्तिमत्त्व हाच प्रवासवर्णनाचा गाभा होय, या आपल्या रूढ समजुतीला एक आवश्यक पूरक विचार मिळेल. लेखक ज्यांच्या गावातून गेला ती माणसेही त्या पुस्तकात असतात. मजकुरात त्यांना जागा मिळाली नसली तर ती चित्रांच्या पानांवर सापडण्याचा संभव आहे, आणि आजवर आपण ती पाने वाचलेली नाहीत.